भिजवलेली ज्वारी

वास तसा तिसऱ्या दिवसापासून होताच,
पण चैत्रात पारोळ्याच्या प्रत्येक गल्लीत
आंबत्या ज्वारीचा वास असतो,
त्याकडे कोण लक्ष देतं.
आठव्या दिवशी प्रतिभानं पातेल्यावरचं ताट उचललं
आणि नाकाला पदर लावून माझ्याकडे पाहिलं.

माय खाटेवर होती. भिंतीकडे तोंड.
"माय, ज्वारी सडली."
"सडू दे."

गल्लीतल्या तेरा घरांचे बिबडे जिच्या अंदाजानं होत,
जिला विचारल्याशिवाय घाट्यात मिठाचा खडा पडत नसे,
ती सुपडाबाई म्हणाली, सडू दे,
जशी दुसऱ्या कुणाची ज्वारी, दुसऱ्या कुणाचं घर.

त्याआधीचं आता आठवतं.
आठवतं म्हणजे, दिसलं तेव्हाही होतं.
दिवाळीनंतर तीन-तीन दिवस तेच लुगडं.
पहाटे तीनला कडी वाजायची, ही ओट्यावर बसलेली.
पोटात गोळा, छातीत जळजळ, गुडघे, पुन्हा पोट.
धुळ्याला नेलं. सोनोग्राफी, रक्त, लघवी,
सगळं नॉर्मल.
रिपोर्ट पिशवीत कोंबून बसमध्ये मी म्हणालोसुद्धा,
"बघ, काही नाही तुला."
खिडकीबाहेर बघत तिनं मान हलवली.
काही नाही.
तेच तर ती सांगत होती.

आम्ही म्हटलं, वय झालं.
तात्या गेल्याला दीड वर्ष, होतं असं.
वय म्हटलं की घोंगडं भिजत ठेवायला बरं पडतं.

सरकारी दवाखान्यात पंधरा प्रश्नांचा कागद घेऊन
शिरपूरकडची पावरा सिस्टर समोर बसली.
मग कागद बाजूला ठेवला, अहिराणीत विचारलं.
जीव रमस का?
माय गप्प.
घरमाच बसाले बरं वाटस का भाईर जावाले?
"भाईर काय शे."
बाकीना लोके तुम्हनापेक्षा सुखी शेतस असं वाटस का?
माय जरा सरसावली. "कोन लोके?"
सिस्टर हसली. माय नाही हसली.
शेवटचा प्रश्न विचारण्याआधी
मला पाणी आणायला पाठवलं.
परत आलो तर हातात हात,
आणि मायच्या डोळ्यांत
तात्यांच्या तेराव्यालाही न आलेलं पाणी.

गोळी सुरू झाली. अर्धी, मग पूर्ण.
डॉक्टर म्हणाले, तीन-चार आठवडे धीर धरा,
मधेच मनानं बंद करू नका.
गोळ्यांनी डोकं फिरतं, असं सांगायला
दोघी-तिघी येऊन गेल्या.
प्रतिभानं त्यांना चहा पाजला,
गोळी आपल्या हातानं दिली,
डबी कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली.
का, ते आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

डेपोतून आलो की मी तिच्याशेजारी बसायचो.
बोलायला काही नसायचं.
"सगळं तर आहे, मग असं काय करतेस"
हे जिभेवर आलेलं दातांनी धरून ठेवायचं, बस.
मग दोघं कोपऱ्यापर्यंत.
एकदा किल्ल्याच्या खंदकापर्यंत.
बरेच दिवस उंबऱ्यापर्यंतच.

वैशाख सरताना रुखमाकाकूनं एक पातेलंभर ज्वारी भिजवली,
घाटा शिजल्यावर वाटीत घालून आणला, वर तेलाची धार.
माय बोटानं चाटत राहिली. बराच वेळ.
"तीय कमी शेतस," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत.
तिसऱ्या दिवशी उन्हात, खाटेवरच्या ओल्या धोतराशी
ती वाकलेली दिसली.
हात थरथरत होता, बिबडा एकीकडे जाड, कडेनं फाटका.
रुखमाकाकू काही बोलली नाही.
तो तसाच वाळवला.

सकाळी आठला गोळी देताना विचारतो,
झोप लागली?
"लागनी थोडीशी."
थोडीशी म्हणजे किती,
हे आता मी विचारतो.